अकरा पाने ठेवायची कुठे

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी दाढ कशी आहे? आतोबांचा खोकला कसा आहे? (दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ओळींत लिही. मागच्या पत्रात काय बरे झाले आणि काय उपटून टाकले ते नीट कळले नाही.) मी ठीक आहे. अंग थोडे भरल्यासारखे दिसते, पण ते खरे अंग नाही. सांगतो.

आमच्या रसायनांच्या गोदामातली माझी उमेदवारी सोमवारी संपते. कायम करतात की घरी पाठवतात, ते एका अहवालावर ठरणार आहे. झाले असे, की धोक्याची रसायने ठेवणाऱ्यांना सरकार सुरक्षेसाठी मदत देते : पुस्तिका, भिंतीवर लावायचे फलक, सल्ल्यासाठी फोन नंबर आणि एक तपासनीस बाई. सगळे फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्याचे दोन-दोन संच मागवले (बाई एकच आल्या). पुस्तिका मात्र माझ्या हाती आली, कारण माझे अक्षर चांगले आहे आणि मला नाही म्हणता येत नाही.

पहिल्याच पानावर लिहिले आहे, की आपण स्वतः चोर आहोत असे समजून आपल्या जागेची पाहणी करावी. आत्या, दिलेले काम मी अर्धे सोडत नाही हे तू जाणतेस. मी चार दिवस चोर होतो. जेवणाच्या सुट्टीतही होतो. नऊ वेळा गोदामात चोरून शिरलो, त्यात एकदा मालाच्या खोक्यात बसून (खोके दोन तास कोणी उघडले नाही, हेही नोंदवले आहे). शेवटी कवटीचे चित्र असलेले पिंप खांद्यावर घेऊन भर दुपारी फाटकातून बाहेर पडलो. पिंप रिकामे होते, पण पहारेकरीकाकांना ते माहीत नव्हते. ते म्हणाले, "खांदा मोडून घेशील, हातगाडी ने की." मी नेली. दहा पावले गेलो तर मागून हाक, "गाडी तेवढी परत आण रे, माझ्या सहीवर आहे."

हे सगळे मी नकाशा आणि बाणांसह अकरा पानांत लिहिले. कुठून शिरावे, किती वाजता, कोणती किल्ली कोणत्या कुंडीखाली असते. बाईंनी वाचले आणि वीस वर्षांत इतके चोख काम पाहिले नाही म्हणाल्या. सोमवारी त्यांचे वरिष्ठ येऊन हीच प्रत नेणार. मी हवेत होतो. मग बाईंनी सहज विचारले, "आणि तोवर हे ठेवणार कुठे?"

साहेब म्हणाले, माझ्या खणात. बाईंनी पान सात दाखवले (साहेबांचा खण चमच्याने उघडतो). साहेब म्हणाले, मग तिजोरीत. बाईंनी पान नऊ दाखवले. साहेबांनी जागा सुचवावी आणि ती अहवालात निघावी, असे बराच वेळ चालले. अख्ख्या गोदामात एकही जागा उरली नाही, आणि हे सिद्ध करणारा मीच. साहेब म्हणाले, "शहाण्या, आता तूच सांभाळ. एक पान जरी हरवले तर सोमवारी येऊच नकोस."

तेव्हापासून अकरा पाने बनियनच्या आत पोटाला बांधून हिंडतो आहे. चालताना आवाज होतो. माल उतरवणारे विचारतात, "काय रे, पोटात छापखाना काढलास का?" आंघोळीचा प्रश्न दोन दिवस सुटलेला नाही.

बाकी क्षेम. तुझी आठवण आली म्हणून सहज लिहिले.

तुझा भाचा

ता. क. : सहज लिहिलेले नाही. ज्याची किल्ली तीस वर्षांत आतोबांच्याही हाती लागली नाही, असे कपाट माझ्या ओळखीत एकच आहे, तुझे. अकरा पाने याच पाकिटात आहेत. मोजून ठेव. टपालाचा भरवसा नाही, म्हणून तुझ्या बाजूला येणाऱ्या टेम्पोवाल्याकडे देतो आहे (तो कोणाची पत्रे वाचत नाही, असे त्यानेच सांगितले).

ता. क. २ (पाकीट चिकटवून झाले, म्हणून हे वरच लिहितो) : सोमवारी नऊच्या आत पाने घेऊन तूच ये. फाटकातून मात्र येऊ नकोस. बाहेरच्या माणसाला आत सोडायचे नाही, हा नियम कालच माझ्या सांगण्यावरून लागू झाला आहे. पान चारवर दाखवलेल्या, संडासामागच्या खिडकीने ये. चढणे जमले नाही तर पहारेकरीकाकांना हाक मार, ते हात देतात (पान चार, शेवटची ओळ).