काटकोनाची खुंटी

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आकुर्डीत एक घर अजून तुमच्या नावानं बोटं मोडतं. दुसरा मी. तुम्ही आम्हाला भूमिती शिकवलीत, आणि त्या शिकवण्यापायी माझं लग्न अडलंय. हसू नका.

तुमच्या फळ्यावरच्या बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. रेघेला जाडी नाही. मी विचारलं होतं, जाडी नाही तर ती दिसते कशी? तुम्ही खडू फेकून मारलात. "दिसते ती खडूची भुकटी, गाढवा. रेघ डोक्यात असते." आमच्याकडे रेघ बांधावर असते, मास्तर. तिच्यावर गवत उगवतं, बोरी उगवतात, आणि दर नांगरटीला शेजारी ती बोटबोट कोरतो. जन्म गावात काढून तुम्हाला एवढं कळलं नाही. पण नाईलच्या पुरानं पुसलेल्या हद्दी मिसर देशातले लोक दोरानं पुन्हा कशा आखत, ते मात्र काल बघून आल्यासारखं सांगायचात. आपल्याकडे यज्ञाच्या वेदीही दोरानंच आखत म्हणे. मग यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दोर खाली ठेवला आणि 'हे असंच का?' म्हणून विचारायला लागले, तिथून खरी भूमिती सुरू झाली, असं तुमचं म्हणणं. त्या शहाण्यांनी ठेवलेला दोर तुम्ही उचललात, तिथंच घात झाला.

तो दिवस मला दिसतो. तुम्ही सगळा वर्ग गाडीवाटेवर आणलाय. लांबलचक सुंभाचा दोर, त्यावर सारख्या अंतरानं गाठी, दोन गाठींमध्ये एक गाळा. बांध जिथं वाटेला मिळतो त्या कोपऱ्यापासून वाटेच्या कडेनं तीन गाळे, आत शेताकडे चार, तिरपे पाच. दोर ताठ झाला की कोपऱ्यात काटकोन. मला एका गाठीवर उभं केलंय. "ताण, गाढवा! सैल दोर म्हणजे सैल डोकं!" मी ताणतो. तुम्ही शेतातल्या टोकाला बाभळीची खुंटी ठोकता आणि खणखणीत म्हणता, "सिद्ध झालं!"

बांध वाकडा, तुमचा दोर सरळ. खुंटी पडली हातभर पलीकडे, तात्यांच्या रानात. तात्या म्हणजे आमचे शेजारी, जिच्याशी माझं लग्न अडलंय तिचे वडील. ते मोटेवरून बघत होते, अलीकडून माझा बाप. तुम्ही धोतर झटकून निघून गेलात, खुंटी तिथंच ठेवून! गावात खुंटी हा धडा नसतो हो, निकाल असतो. पुढच्या नांगरटीला बापानं तिथवर नांगर घातला. "मास्तरनं सिद्ध केलंया," म्हणाला. तात्यांना वाटलं, मास्तर आमच्या घरचं दूध पिऊन फितला. कुणी तुम्हाला विचारायच्या आत तुम्ही तापानं गेलात. सुटलात.

पुण्याला कॉलेजात होतो. तिला स्थळं बघताहेत असं कळलं, त्या दिवशी भर वर्गातून उठलो तो परत गेलो नाही. आता पिंपरीला कारखाना उभा राहतोय, तिथं गवंड्यांबरोबर पाया आखतो. तेच तुमचं तीन-चार-पाच. थू!

काल दोर घेऊन तात्यांच्या अंगणात गेलो.

"आता काय अंगन मोजाया आलास व्हय?"

"व्हय. धरा टोक."

धरलं त्यांनी. मला एवढंच दाखवायचं होतं की काटकोन अंगणात येतो तसा गोठ्यातही येतो, पण जमीन कुणाची ते तो सांगत नाही.

"मंग अंगन बी तुझ्या बापाचं?" तात्या म्हणाले.

"आन् चूल बी, तात्या," ती दारातून म्हणाली आणि हसली. मी तिकडं बघितलं, दोर लोंबला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "ताण, गाढवा! सैल दोर म्हणजे सैल डोकं!" सासरा व्हायचाय त्या माणसाला!

तात्या दोर धरून उभेच राहिले. "ह्येच वरडत हुता त्यो त्या दिशी. मोटंवर ऐकलं हुतं म्या." मग म्हणाले, "रान मोजनारा गाढव म्हनत न्हाई रं. त्यो गोड बोलतो, च्या मागतो. म्हंजी ती शाळाच हुती की!"

"मी तेच सांगतोय—"

"कुटं सांगतुयास? शिव्या देतुयास. उद्या बापाला घिऊन ये बांधावर. खुंटी त्यानं सोताच्या हातानं उपटायची. मंग तुझं बघू."

बघा, मास्तर. तुमचा सिद्धान्त कामाला आला नाही, तुमची शिवी आली. एवढ्या विद्येतून गावाच्या पदरात तेवढंच पडलं.

हे पत्र टाकायचं कुठं? पत्ता असता तरी टाकलं नसतं. बापाला अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी एकटाच बांधावर गेलो. त्याला जड जाऊ नये म्हणून खुंटी आधीच जरा ढिली करून ठेवावी म्हटलं. दोन्ही हातांनी हिसडे दिले, हलली नाही. ठोकायला तुम्हाला येत होतं, एवढं कबूल करतो.