चकती व दहाची चार पाने

दि. १४ मार्च १९६५. आज बाजार भरला. ऊन कडक होते. दुपारी शेषराव व उकंडराव नवा चौथा गडी घेऊन पत्ते खेळायला आले. मी त्यांना परत पाठवले व हे लिहायला बसलो.

मी शालिग्राम तोताराम वाघ, निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, राहणार धाड. बुद्धी शाबूत आहे, कोणाची भीड उरलेली नाही. पत्नी अन्नपूर्णा वारली, मूलबाळ नाही. माझ्यामागे असे करावे.

१. शेत पुतण्या तुळशीराम यास. तोच कसतो.

२. राहते घर ओसरीसह पंचफुलाबाई कचरू इंगळे यांना. त्यांचे पती, पोस्टमन कचरू, माझे मित्र. मागच्या बाजाराच्या दिवशी ते वारले. घर ठेवावे की विकावे, बाईंची मर्जी. मात्र ओसरीवर कोणाला पत्ते खेळायचे असल्यास परवानगी त्यांचीच मागावी लागेल.

३. सागाची चकती. आम्ही चौघे मेंढीकोट खेळायचो, दोन-दोन भिडू समोरासमोर. भिडू बदलावेत म्हणून मी ती केली, कडेला त्या तिघांची नावे कोरली. दर बाजारी एक घर फिरवायची. मी जागचा हलत नसे, बाकीचे तिघे सरकत. तीन बाजारांत प्रत्येक जण प्रत्येकाचा भिडू व्हावा.

तसे कधी झाले नाही. कचरू माझा भिडू असला की डाव रंगे. चकतीने त्याला शेषरावांचा भिडू केले की शेषरावांचे पोट दुखे. उकंडरावांचा केले की त्यांची म्हैस व्यायला येई. कचरू बौद्ध. विरुद्ध बाजूला चालत होता, आपल्या बाजूला नाही. तो हसून म्हणे, "गुरुजी, म्हशीले बी चकती समजते हो!"

त्याच्या अंत्यविधीला दोघेही फिरकले नाहीत. आज शेषराव म्हणाले, "गुरुजी, आता फिरू द्या ना चकती. आता काऊन अडवून राह्यले?"

चकती माझ्या चितेवर ठेवावी.

४. पत्त्यांचा जोड शेषराव व उकंडराव यांना. त्यात दहाची चार पाने नाहीत. मेंढीकोटाची हारजीत त्याच चारांवर होते, हे त्यांना सांगायला नको. ती मी कचरूला नेताना त्याच्या खिशात घातली.

५. या दोघांनी मला खांदा देऊ नये. तिरडीला जोडीला कोण येईल, हा घोर त्यांना नको. कचरूच्या भावकीतले कोणी पुढे आले तर अडवू नये.

स्वतः लिहिले, वाचून सही केली.

शालिग्राम तोताराम वाघ

साक्षीदार : शंकरराव देवराव जाधव, महादेवराव किसन पडोळ
ठिकाण : धाड

साक्षीदार गेल्यावर ओसरीवरची सतरंजी काढली. ती लांब आहे, दुसरे टोक कचरू धरायचा. एक टोक पायाखाली दाबून घडी घातली.