वरच्या फळीवरचे फर्मे

अण्णा, पुढच्या महिन्यात आपलं पुस्तकांचं दुकान रिकामं करून द्यायचं आहे. तिथे आता रेडिमेड कपडे येणार. धाकटा परवा म्हणाला, "ताई, दुकानाचा इतिहास तूच लिही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस तरी वाढलीस दुकानातच. शेवटच्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं येतील, त्यांना वाचून दाखवू." चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते आहे. आजोबांनी दुकान काढलं, तुम्ही वाढवलं, याच्यापुढे ओळ सरकत नाही. नगरातल्या त्या दुकानाचा इतिहास वरच्या फळीवर होता आणि ती फळी मी रिकामी केली. तुम्ही आता नाही आहात, तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला काय सांगू?

तेव्हा बरीचशी पुस्तकं पुण्याहून सुट्या छापील फर्म्यांत, न शिवलेल्या पानांच्या घड्यांत, यायची आणि त्यांची बांधणी आपल्या माडीवर आपले बाइंडर दाजी करायचे. प्रत्येक पुस्तकाचा एक संच न बांधता, सुतळी गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचा, ही आजोबांची रीत. त्याच्या पहिल्या पानावर ते पुस्तक पहिल्यांदा नेणाऱ्याचं नाव, गाव आणि त्याच्याविषयी दोन ओळी, सगळं मोडीत. तुम्हीही ती रीत पाळलीत. मला मोडी येत नव्हती. धूळ बसलेली, पुठ्ठे नसलेली, गिचमिड खरडलेली ती बंडलं मला रद्दी वाटायची. लढाईची वर्षं होती, कागद मिळत नव्हता. शाळेत मदरनी सांगितलं, घरातली रद्दी द्या, जी सर्वांत जास्त देईल तिला सोनेरी कडेचं मारियामातेचं चित्र मिळेल. मी नऊ वर्षांची. रद्दी गोळा करणारी बैलगाडी बाजारातून आली तेव्हा तुम्ही जेवायला घरी गेला होतात आणि दाजी माडीवर खळ शिजवत होते. स्टुलावर चढून मी एकेक बंडल खाली घेतलं. गाडीवाला म्हणाला, "पोरी, लई हाय की गं." मला केवढा अभिमान वाटला होता.

दोन दिवसांनी तुमचं वर लक्ष गेलं. पुठ्ठा मिळत नसल्यामुळे दाजी रद्दीचे थर खळीने चिकटवून पुठ्ठे करायचे, तुमच्याच सांगण्यावरून. तुम्ही त्यांना खाली बोलावलंत. मी पायरीवर पाटी घेऊन बसले आहे, मला सगळं ऐकू येतं आहे.

"दाजी, वरचे फर्मे पुठ्ठ्यात घातलेत?"

"न्हाई मालक. म्या हात बी लावला न्हाई."

"मग पाय फुटले त्यांना?"

"वीस वरसं तुमचं कागूद हाताळतुया. रद्दी कंची न् राखायचं कंचं, येवढं कळत न्हाई व्हय मला?"

दाजींनी हाताची खळ धोतराला पुसली, कागद कापायची आपली सुरी फडक्यात गुंडाळली आणि ते काष्टीला, आपल्या गावी, निघून गेले. तुम्ही दोनदा निरोप धाडलात. ते आले नाहीत. मग तुम्हीच बांधणी करू लागलात. बाजारात लोक हसायचे, "अण्णांचं पुस्तक एका वाचनात सुटतं." तुम्हीही हसायचात.

पुढे कितीतरी दिवस तुम्ही गिऱ्हाईक नसलं की आठवतील ती नावं चिठ्ठ्यांवर लिहीत बसायचात. पारनेरचे एक मास्तर, उन्हात चालत आलेले, घरी जाईपर्यंत दम न निघाल्याने दुकानाच्या पायरीवरच वाचत बसलेले. सुप्याची एक बाई, वाचता न येणारी, मुलीसाठी पुस्तक घेऊन ते पदरात बांधून नेणारी. अशी सात-आठ माणसं, मग तीच तीच पुन्हा. बाकीची माझ्यामुळे गेली, अण्णा, आणि त्यांना ओळखणारं आता कुणी नाही. दाजींची मुलं कुठे असतील, मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही.

बक्षिसाचं ते चित्र अजून माझ्या शाळेतल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. हा कागदही तिथेच ठेवीन. धाकट्याला सांगेन, मला लिहायला जमत नाही. कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली. पण तुम्ही विचारलं होतंत. दाजी गेले त्या संध्याकाळी, मला जवळ ओढून, "तू काही पाहिलंस का गं?" मी मान हलवली. तुम्ही माझी विस्कटलेली वेणी सारखी केलीत आणि म्हणालात, "नाही ना? बरं."