एका घरात एक तुकडा

३ मार्च
पोचलो एकदाचा! घर झकास आहे. वर हवेशीर खोली, खाली फरशीची ऐसपैस पडवी. घरमालकीणबाई बोलतात अशा, की शब्दांनाही भाडं पडतं जणू. चालेल, मी गप्पा छाटायला आलेलो नाही. युद्धात या गावावर एक बॉम्बफेकी विमान पडलं. त्याचे तुकडे अजून घराघरांत आहेत. ते गोळा करून जोडायचे आणि संग्रहालयाला द्यायचे. काम फत्ते झालं की साहेब मला नोकरीत कायम करणार. बायकोला सातवा लागलाय. शहरात एकटी कशाला, म्हणून तिलाही बोलावून घेतलंय.

५ मार्च
गाव पालथं घातलं. लोहाराच्या भट्टीवर पंखाचा पत्रा, शाळेच्या कुंपणात शेपटी, एकीने तर इंजिनाच्या झाकणात फुलझाडं लावलीत! गंमत म्हणजे प्रत्येक घरी एकच तुकडा, दोन कुठेच नाहीत. मागितला की तोंड फिरवतात. लोहाराने माझ्या नाकासमोर दार आपटलं. एका बाईने अंगावर बादलीभर घाण पाणी ओतलं, वर म्हणे चुकून.
घरमालकीणबाई म्हणाल्या, इथली पद्धतच तशी. विमान पडल्यावर सगळे तुकडे शाळेच्या अंगणात रचले होते, तर ते पुन्हा पडलं, भर वर्गावर. पुन्हा म्हणजे काय, असं मी विचारलं. त्या भांडी घासत राहिल्या. काय एकेक भाकडकथा!

९ मार्च
दगडाला पाझर फुटला! सकाळी दार उघडतो तर अख्खं गाव हातगाड्या घेऊन उभं. लोहाराने स्वतः पंख आणून पडवीत टाकला. बाकीच्यांनीही आपापला तुकडा ठेवला. कुणी हसलं नाही की पाणीसुद्धा घेतलं नाही. आले शेवटी वठणीवर!
दुपारच्या गाडीने बायको आली. पत्र्यांतून वाट काढत म्हणाली, पाळणा काय पंखाला टांगायचा? घरमालकीणबाई मात्र संध्याकाळी ट्रंक उचलून बहिणीकडे राहायला गेल्या.

१३ मार्च
माझी सवयच आहे, तुकडा हाती आला की शेजारच्याला लावून बोल्ट घालून बघायचा. इथे भोकाला भोक असं जुळतंय की मलाच नवल वाटतं. दुपारी विमानाचा आवाज आला, जुन्या इंजिनाची घरघर. आकाश मोकळं होतं. रस्त्यावरची माणसं थबकली. वर कुणीच पाहिलं नाही, सगळे आमच्या घराकडे बघत होते.

१४ मार्च
आवाज आज खूप खाली आला. खिडक्या थडथडल्या. पडवीत ऊन येत नाही, तरी पत्रे चटके देतात. जळक्या रबराचा वास. बायकोला सारख्या उलट्या. बोल्ट काढायला गेलो, तर निघत नाहीत — मीच घातलेले, नवेकोरे, तेल लावलेले. मला भीती वाटते आहे. लिहून टाकतो, तिला सांगता येत नाही.

१५ मार्च
जे पत्रे सुटे होते ते घेऊन दारोदार फिरलो. कुणी घेईना. लोहार म्हणाला, आजोबांपासून हे उशाशी घेऊन झोपतोय, एकदाचं पडू दे तुमच्यावर. मी म्हटलं, माझी बायको पोटुशी आहे. माहीत आहे म्हणाला. दार लावून घेतलं.

१६ मार्च
आम्ही निघालो. रस्ता अडवलेला. सगळे होते, हातात काठ्या. घरमालकीणबाईसुद्धा. म्हणाल्या, रिकाम्या घरावर ते पडत नाही, माणसं असलेलं घर शोधतं. निदान हिला तरी सोडा म्हटलं. पाया पडलो. ढकलत आणलं आम्हाला. बाहेरून कडी —

करवतीने कापतोय. दात झिजले, पत्र्यावर ओरखडा नाही. बायको खुर्चीने दार ठोकते आहे. खिडक्यांना लोखंडी गज. आवाज छपरावर —

कोणाला ही वही सापडली तर तुकडे एकत्र करू नका — कुणाच्याही घरात —

आवाज थांबला.
बायको हसली. किती दिवसांनी. म्हणाली, गेलं रे, बाळसुद्धा शांत झालं बघ. माझा हात पोटावर ठेवलाय तिने. कसं सांगू हिला — इंजिन बंद पडलेलं विमान जात नाही, ते —