मांडवावरचा चार्ज

मोखाडा,
मार्गशीर्ष, मंगळवार

रा. रा. सोमाभाऊ यांस मोखाड्याहून दाजी जिवा याचा रामराम.

इकडे आम्ही सगळे बरे, म्हणजे या वयात जेवढं बरं असायला हवं तेवढे. भागीवहिनींचा गुडघा उतारावर दुखतो की चढावर ते कळवा. उतारावर दुखत असेल तर निरगुडीच्या पाल्याने शेकायला सांगा, आणि चढावर दुखत असेल तर चढू देऊ नका. नागली झोडून झाली असेल. वरई यंदा तुमच्याकडे बरी आली असं बाजारात वांगणीचा एक माणूस म्हणाला (तुमचं नाव काढल्यावर मात्र तो एकदम कांद्यांचा भाव विचारायला लागला, त्यावरून तुम्ही त्याला पढवून ठेवलंय असं वाटलं, पण ते असो). फोन तुम्ही उचलत नाही. वांगणीत रेंज नसते हे मला मान्य आहे, पण फोन वाजतो, पुरता वाजतो, आणि मग बंद होतो. रेंज नसण्याचा हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणून हे पत्र वावर-वांगणीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. तो तुमच्या हातातच देईल, मी त्याला चहा पाजलाय.

कामाचं आधी सांगतो, कारण नंतर माझं गाडं भलतीकडे जातं. आमच्या घराचं कर्ज अडकलंय, आणि ते तुमच्या हातात अडकलंय. स्लॅबसाठी काढलेलं कर्ज तुम्हाला ठाऊक आहे, साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे (सही झाल्यावर तिथला पेन खिशात घालून आणलात तोही अजून चालतो). त्या कंपनीचं व्याज दरवर्षी थोडं थोडं वर सरकतं, जशी लग्नात फोटो काढताना मागची माणसं पुढच्या रांगेत सरकतात. कमलेशने, म्हणजे तुमच्या भाच्याने, जव्हारला कारकुनी करता करता शोध लावला की तेच कर्ज दुसऱ्या कंपनीत हलवता येतं. नवी कंपनी जुनीचे पैसे देऊन टाकते, घराचे कागद तिच्या कपाटातून काढून आपल्या कपाटात ठेवते, आणि आपला हप्ता उतरतो. गाय एका गोठ्यातून सोडून दुसऱ्या गोठ्यात बांधायची, एवढंच. मी विचारलं, दाव्याचे पैसे कोण देणार? तो म्हणाला, बाबा, एकच प्रोसेसिंग फी आहे, बाकी काही नाही. हे वाक्य त्याला कंपनीतल्या नीता नावाच्या मुलीने सांगितलं होतं, आणि नीताला कोणीतरी वरून सांगितलं होतं. वर कोण असतं ते मला अजून कळलेलं नाही. पंचायत समितीची जीप मी जन्मभर चालवली, कितीतरी साहेब मागच्या सीटवर बसून गेले, आणि प्रत्येक जण वरून आलंय असंच म्हणायचा.

तर दिवाळी झाल्यावर नाशिकहून एक इंजिनियर साहेब गाडी घेऊन आले. याला टेक्निकल व्हिजिट म्हणतात. पोरगा भला होता, चपला बाहेर काढून आत आला. त्याने खोल्या मोजल्या, न्हाणीघर मोजलं, कोंबड्यांचा खुराडादेखील मोजू लागला होता, पण कोंबडीने मोजू दिला नाही. मग तो अंगणात आला आणि मांडवापाशी थांबला.

आता मांडवाबद्दल तुम्हाला काही सांगावं असं नाही, पण उद्या या पत्राची नक्कल कंपनीला द्यायची वेळ आली तर असावं म्हणून लिहून ठेवतो. आपल्या घराण्यात मुलीच्या लग्नाची मेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, मामाने रोवायची. लग्न उरकलं की मामानेच येऊन ती उपसायची आणि मग मांडव उतरवायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. वैशाखात आमच्या प्रगतीच्या लग्नाची मेढ तुम्ही रोवलीत, उंबराची, ताजी तोडून आणलेली, मनगटाहून जाड. आणि पुष्पा, म्हणजे तुमची बहीण, नवऱ्याकडच्या बायका ओटीवर बसलेल्या असताना म्हणाली, "दादा, वाकडी रोवलीस रे." एवढंच म्हणाली. त्या बायका हसल्या. तुम्ही पहार भिंतीला टेकवलीत, लग्न लागेपर्यंत मामाची सगळी कामं एक शब्द न बोलता केलीत, आणि अक्षता पडल्यावर पायताण चढवून न जेवता वाटेला लागलात. पंगतीत तुमचं वाढलेलं पान तसंच राहिलं. (शेवटी ते मी जेवलो, कारण ताट तसं ठेवणं बरं नव्हे आणि भाजी चांगली झाली होती.) तेव्हापासून तुम्ही आला नाहीत, आणि मेढ उभी आहे. पावसाळ्यात वरचा पाला कुजून गळून गेला, बांबू आणि मेढ तेवढी राहिली.

इंजिनियरने विचारलं, हे काय बांधकाम आहे. पुष्पा म्हणाली, मांडव आहे. तो म्हणाला, मंजूर नकाशात नाही. ती म्हणाली, लग्न तरी कुठे नकाशात होतं. मग त्याने पिशवीतून ओळंबा काढला आणि मेढीला लावून पाहिला. मला उत्तर माहीत होतं. तो म्हणाला, "मावशी, हा बाहेरच्या बाजूला कललाय."

पुष्पा सुपात नागली पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमची दोरी वाकडी आहे."

"दोरी वाकडी कशी असेल, मावशी? खाली वजन आहे."

"मग अंगण वाकडं असेल. माझ्या भावाने रोवलीय ती. त्याच्या हातचं वाकडं जात नाही."

भाऊ, मी तिथेच उभा होतो. वैशाखात काय म्हणाली होती तेही मला आठवत होतं आणि तिलाही आठवत असणार, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. पोराने चहा घेतला, दोन फोटो काढले आणि गेला.

आठ दिवसांनी कमलेशच्या मोबाईलवर चार्जेसचा कागद आला. प्रोसेसिंग फी होतीच. तिच्या मागोमाग टेक्निकल व्हिजिटचा चार्ज, मग मोखाडा दुर्गम भाग म्हणून प्रवासाचा वेगळा चार्ज, मग विनापरवाना वाढीव बांधकाम तपासण्याचा चार्ज, मग ते वाढीव बांधकाम कललेलं आहे म्हणून ते पडणार नाही असा दाखला आणण्याचा चार्ज. शेवटी पायाजवळ झाडाची वाढ असा एक होता, तो सध्या सोडा. (वाढीव बांधकाम पडावं अशीच कंपनीची इच्छा असेल तर ते पडणार नाही याचा दाखला कशाला, हे मला कळलं नाही. मी दोनदा वाचलं.) सगळं मिळून एवढं झालं की हप्ता उतरून जे वाचणार होतं ते पहिल्या वर्षी या चार्जांतच जिरणार.

मी धुतलेला सदरा घातला आणि जीपने जव्हारला गेलो. नीता नावाची मुलगी खरोखरच गोड आहे. मी काहीही विचारलं की ती आधी पाणी द्यायची. मी म्हटलं, बाई, तू एकच फी म्हणालीस. तिने पाणी दिलं. म्हणाली, काका, हे सिस्टीमने घेतलंय. मी म्हटलं, मग सिस्टीमला बोलव, मी तिच्याशी बोलतो. तिने पुन्हा पाणी दिलं आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर विक्रमगडकडचा निघाला, तरुण, थोडा टकलू. त्याला मी दुर्गमचा मुद्दा घातला. म्हटलं, तुमचा माणूस एकदा आमच्याकडे आला तर दुर्गम, आणि आम्ही कर्जापायी चार खेपा तुमच्याकडे आलो तर काय? तुमच्याकडे यायचा रस्ता तोच आहे. तो हसला आणि दुर्गम खोडला. व्हिजिटचा ठेवला, तो कंपनीच्या हक्काचा होता, मी ताणलं नाही. मांडवावर मात्र तो अडला. म्हणाला, काका, रिपोर्टमध्ये बांधकाम आलंय, मी डोळे मिटून खोडू शकत नाही. मांडव उतरवा, मोकळ्या अंगणाचा फोटो शनिवारपर्यंत आणा, दोन्ही चार्ज जातील. शनिवार टळला तर फाइल बंद, पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा फी, आणि तोवर जुनं व्याज. मी त्याला लग्न, मामा, मेढ, न जेवता जाणं, सगळं सविस्तर सांगितलं. तो ऐकत होता. मागे रांगेत बसलेली दोन माणसंही ऐकत होती, त्यातला एक म्हणाला की मामाचंच चुकलं. मी त्याला गप्प केलं. तुमच्या माघारी तुमच्याबद्दल कोणी बोललेलं मला चालत नाही, मी बोललो तर वेगळं.

घरी येऊन मी शेजारच्या चंद्राला पहार घेऊन बोलावलं. म्हटलं, बांबू तरी सोडू. पुष्पाने हे पाहिलं, सूप उचललं, आणि मेढीला पाठ लावून खाली बसली. म्हणाली, "दादाने रोवलीय, दादाच काढेल. चढू दे हप्ता." चंद्रा पहार घेऊन परत गेला, जाताना आमच्याकडची मिरची घेऊन गेला. ती अजूनही रोज दुपारी तिथेच बसते. नागली पाखडून संपली तरी बसते. वांगणीकडच्या रस्त्यावर जीप वाजली की मान वर करते आणि मग सुपात बघते. सुपात काही नसतं.

म्हणून भाऊ, शनिवारच्या आत या. मेढ उपसा, एका फोटोपुरतं उभे राहा, आणि मग हवं तर पुन्हा वर्षभर फोन उचलू नका. मोठेपणा तुमच्याकडे आहे, पहार आमच्याकडे आहे. भागीवहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
जिवा

ता. क. : पाकीट भाताच्या शिताने चिकटवलं होतं, ते उकलून लिहितो आहे. आत्ताच कमलेशचा फोन आला. त्या मॅनेजरने घरी जेवताना आपल्या आईला मांडवाचा फोटो दाखवला. म्हातारी म्हणाली, लग्नाच्या मांडवावर चार्ज लावतोस, तुझ्या लग्नात तुझा मामा आला नसता तर? त्याने सकाळी दोन्ही चार्ज खोडले, फोटोसुद्धा नको म्हणाला. फाइल पुढे गेली. म्हणजे शनिवारची घाई उरली नाही आणि वरची तीन पानं फुकट गेली, पण आता नव्याने कोण लिहितो. तुम्ही शनिवारीच या.

ता. क. दुसरा : झाडाच्या वाढीचा जो चार्ज मी वर सोडा म्हणालो, तो असा. तुमची मेढ जगलीय. आषाढात तिला फुटवा आला, आता हातभर फांद्या आहेत आणि त्यांना उंबराची पानं. पुष्पा तांदूळ धुतलेलं पाणी तिलाच घालते आणि मला सांगते की भांडं घासलं. आत्ताच्या फोनवर कमलेश म्हणाला, झाड काढलंत तर हाही चार्ज खोडतो असं मॅनेजर म्हणतो. मी म्हटलं, नको, हा राहू दे. आणि त्याला भरायला सांगितला. एवढ्या चार्जांत आपणहून भरलेला हा एकच. तेव्हा उपसायला येऊ नका, बघायला या. पहार आणू नका.

ता. क. तिसरा : पुष्पा मागे उभी आहे. मेढ सरळ आहे असं लिहा म्हणते. लिहिलं. मी तिला म्हटलं, वाकडी आहे. ती म्हणाली, मग दादा येऊन बघेल आणि सांगेल. तुमचं पान शनिवारी वाढून ठेवणार आहे, आणि या वेळी मला ते जेवू देणार नाही असं बजावलंय.