बिओतिकोस आणि जिन्यातली खिडकी

प्रिय अक्का,

सप्रेम सलाम. तुझे गुडघे काय म्हणतात? खोकला गेला ना? तुला काही म्हणजे काही होऊ नये, अशी मी रोज झोपताना प्रार्थना करतो (मधेच डोळा लागतो, पण तुझं नाव आधी घेतलेलं असतं). इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे. माझी जी अवस्था झाली आहे तिला ग्रीक भाषेत एक शब्द आहे, आणि तो मला या वयात कळला हेच वाईट झालं.

आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आले आहेत. वयाने माझ्या धाकट्याएवढे, पण शिकलेले इतके की पेलाभर पाणी मागायचं तरी मूळ शब्दापासून सुरुवात करतात. त्यांनी उपदेशात सांगितलं की शास्त्रात बिओतिकोस असा शब्द येतो. त्याचा अर्थ रोजच्या जगण्याच्या भानगडी, म्हणजे भाडं, नळ, चूल, शेजारी, पोट. (मी जन्मभर हेच करत आलो. त्याला ग्रीक म्हणतात हे कोणी सांगितलं असतं तर जरा ताठ मानेने केलं असतं.) पुढे म्हणाले, असल्या भानगडी घेऊन आपल्या माणसांनी कोर्टाची पायरी चढू नये. मंडळीत ज्याला काडीची किंमत नाही असा माणूस बसवला तरी तो निवाडा करील. हे बोलताना ते छताकडे पाहत होते. बाकी सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

या उपदेशाचं कारण आमच्याच इमारतीत होतं. जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे. तिच्या खाली शिंपीणबाई राहतात, त्यांचे शिवून इस्त्री केलेले कपडे दाराबाहेर टांगलेले असतात. खिडकी उघडली की त्यांवर धूळ बसते. वर म्हातारे कंपाउंडर राहतात, त्यांना दमा. खिडकी लावली की त्यांचा जीव घुसमटतो. दोघेही रविवारी एकाच बाकावर बसतात, आणि दोघांनीही वकील पाहून ठेवले होते. पाळकसाहेबांनी विचारलं, निवाड्याला कोण चालेल, तर दोघांनी माझं नाव घेतलं. जन्मात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. बाई म्हणाल्या, साबणाच्या कारखान्यात वजनकाट्यापाशी उभा राहिलेला माणूस आहे, तोलून बोलेल. (साबण उलट बोलत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.) कंपाउंडर म्हणाले, "त्याला कशातलंच काही कळत नाही, म्हणजे तो कोणाच्या बाजूचा नाही."

मी चौथी नापास माणूस. मला सुचला तो न्याय दिला. सकाळी खिडकी उघडी, दुपारी बाईंची इस्त्री चालते तेव्हा बंद, संध्याकाळी पुन्हा उघडी. सगळ्यांनी मान डोलावली. मग प्रश्न आला, ती उघडायची कोणी? बाईंनी उघडली तर बोटभरच उघडतील, असं कंपाउंडर म्हणाले. त्यांनी लावली तर कडी घालणार नाहीत, असं बाई म्हणाल्या. शेवटी खिडकीला कुलूप बसवलं आणि किल्ली सुतळीत ओवून माझ्या गळ्यात घातली. तुझी भावजय म्हणाली, "का, एक लोढणं कमी होतं?"

तेव्हापासून अक्का, मी जिना चढतो आणि उतरतो. न्याय देणं सोपं असतं, तो उघडत-लावत बसणं कठीण. आंघोळीला बसलो की वरून हाक येते, "अहो न्यायमूर्ती, माणूस गेल्यावर उघडणार का?" उघडायला गेलो की खालून, "काका, या पांढऱ्या झग्यावर डाग पडला तर गिऱ्हाइकाला तुमचं ग्रीक सांगू का?" वारा सुटला की दोघेही दारात उभे. मी जेवताना घास हातात धरून झाडाच्या पानांकडे बघत असतो.

कंटाळून पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, हाच शब्द शास्त्रात आणखी एके ठिकाणी आहे. तिथे सांगितलंय की असल्या काळज्यांनी मन जड होऊ देऊ नका, सांभाळा. मी म्हटलं, साहेब, एकीकडे म्हणता निवाडा कर, दुसरीकडे म्हणता मन जड होऊ देऊ नको, मग ही किल्ली ठेवू कुठे? त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "काका, आमच्या पाण्याच्या मोटारीवरून घरमालकाशी जरा वाद आहे. येऊन जाता का?"

असं आहे. बाकी काही विशेष नाही. तुझ्या मागच्या पत्रात शेवटी "जमलं तर येऊन जा" असं होतं. तू असं लिहीत नाहीस. तेव्हापासून त्या चार शब्दांवर माझं मन अडकून बसलं आहे. शिंपीणबाई आणि कंपाउंडर, दोघांकडे रजा मागितली. दोघांनी एकच विचारलं, बहीण आजारी आहे का? नाही म्हटल्यावर दोघेही एका सुरात म्हणाले, मग जायचं काय कारण?

तब्येतीला जप.

तुझा,
बारक्या

ता. क. चार दिवस आजारी पडशील का? मंडळीत वाचून दाखवता येईल असं पत्र पाठव. पोटाचं किंवा छातीचं नको, कंपाउंडर औषधांची नावं विचारतील. हाडाचंही नको, शिंपीणबाई हाताला झोळी शिवून देतील आणि ती घेऊन स्वतः माझ्याबरोबर येतील. चक्कर बरी. चक्करीचं कोणाला काही सिद्ध करता येत नाही.

ता. क. दुसरा. तुझी भावजय पाठीमागून वाचत होती. म्हणते, खोटं लिहायला लावता, आणि वर प्रार्थना करता. तिला सांगितलं, हे बिओतिकोसमध्ये येतं.

ता. क. शेवटचा. अक्का, पण खरंच काही असेल, तर चक्कर वगैरे लिहू नकोस. "जमलं तर" सुद्धा लिहू नकोस. नुसतं "ये" लिही. मी किल्ली कुलपात तशीच ठेवून निघेन. मग त्यांनी खिडकी उघडावी, लावावी, नाहीतर भिंतीसकट वाटून घ्यावी.