रंगूनला जाणाऱ्या पेटीतील इष्टलिंगाबाबत

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब,
जिल्हा उस्मानाबाद

अर्जदार: मल्लम्मा, कै. वीरप्पा यांची पत्नी, राहणार जळकोट

विषय: सोलापूरच्या वाटेवरील सरहद्दीच्या नाक्यावर जप्त केलेले बाळाचे इष्टलिंग परत मिळण्याबाबत व मला रंगूनला जाऊ देण्याबाबत.

संदर्भ: नाक्याचे मुन्शी महालिंगप्पा यांनी मला बजावलेली, नाक्यासमोरून उठण्याची नोटीस.

मेहेरबान साहेब,

१) माझी एकुलती एक मुलगी इरम्मा ब्रह्मदेशात रंगून शहरी असते. तिचे यजमान बंडप्पा तेथे तांदळाच्या गिरणीत कारकून आहेत. तिचे पहिले बाळंतपण आले. पोटुशी बाईने समुद्र ओलांडू नये असे तिथल्या डॉक्टरने सांगितल्यामुळे माहेरी येणे जमले नाही, म्हणून मी जायचे ठरले. सोलापूरच्या पलीकडचा मुलूख मी पाहिलेला नाही. जावयांनी मद्रासेहून सुटणाऱ्या बोटीचे तिकीट काढून पाठवले.

२) महिनाभर मी पेटी भरत होते. रंगूनला बारमाही उकाडा, त्यात असा पाऊस की धुतलेले लुगडे चार दिवस वाळत नाही आणि लाकडी पेटीला बुरशी चढते, असे जावयांनी कळवले होते. म्हणून पत्र्याची पेटी घेतली. गल्लीतल्या बाया घोंगडी घाल, घोंगडी घाल म्हणून मागे लागल्या. ती मी घरीच ठेवली. लाडू दमट हवेत खवट होतील म्हणून डिंक, खोबरे, सुंठ, बाळंतशेपा निरनिराळ्या पुरचुंड्यांत बांधले. तिकडे ज्वारी मिळत नाही, तर भाजलेले पीठ मेणकापडात घेतले, सोबत मिरचीची पूड. जुनी मऊ लुगडी फाडून लंगोट शिवले. सर्वांच्या वर, चांदीच्या लहान करंड्यात, बाळाच्या गळ्यात बांधायचे इष्टलिंग ठेवले. आम्हां लिंगायतांत मूल जन्मले की ते बांधतात. आमच्या मठाच्या स्वामींनी ते पूजून माझ्या हाती दिले आणि सांगितले, "बाळाच्या अंगावर जाईपर्यंत याची रोजची पूजा तुमच्याकडं."

३) इंग्रजी हद्द लागते त्या नाक्यावर मोटार थांबली. मुन्शी महालिंगप्पा यांनी पेटी उतरवून घेतली आणि पुरचुंड्या एकामागून एक टेबलावर उलट्या केल्या. मिरचीची पूड डिंकात गेली, पीठ बाळाच्या लंगोटांवर सांडले. मग करंडा हाती लागला. शिपाई रसूल यांना त्यांनी तो उघडायला सांगितले. रसूल मागे सरले, "साहेब, बाईचा देव हाय. म्या हात लावत न्हाय." तेव्हा मुन्शींनी स्वतः उघडले.

४) मुन्शी म्हणाले, ही चांदी चोरून नेण्याची युक्ती आहे. मी म्हटले, जी जकात होईल ती भरते. ते म्हणाले, "तुमचा देव तुमच्या गळ्यात हाय की. मग ह्यो दुसरा कुणाचा?" मी म्हटले, नातवाचा, नाहीतर नातीचा. "कुठं हाय नात?" मी म्हटले, अजून व्हायची हाय. यावर मोटारीतले उतारू हसले आणि मुन्शीही हसले. साहेब, हे लिहिताना मला सांगणे भाग आहे की महालिंगप्पा स्वतः लिंगायत आहेत आणि झुकून हसताना त्यांचा स्वतःचा करंडा सदऱ्याबाहेर आला होता. तो आत सारून त्यांनी बाळाचा करंडा जप्तीच्या पेटीत टाकला व कुलूप लावले. पावती दिली नाही. मी जागची हलले नाही. मोटार निघून गेली. मद्रासेची बोटही गेली.

५) नाक्याशेजारच्या वस्तीत माझी चुलतबहीण नागम्मा राहते. तिच्याकडे मुक्काम करून मी रोज सकाळी नाक्यासमोर बसते आणि नाक्याच्या ओसरीवरल्या बंद पेटीकडे तोंड करून पूजा करते. पेटीवर घातलेले पूजेचे पाणी कुलपावरून ओघळते, त्याला माझा इलाज नाही. आता वस्तीतल्या बायाही येतात. गाडीवान गाड्या थांबवून हात जोडतात. यावर मुन्शींची नोटीस अशी की मी सरकारी जागेत विनापरवाना देवस्थान काढले आहे. देवस्थान मी काढले नाही. देव आत त्यांनी कोंडला आहे.

६) मध्यंतरी तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी ती तार मुन्शींपुढे धरली. "आता मालकीण जन्मली. द्या तिचा माल." ते म्हणाले, "मालकिणीनं सोता हजर ऱ्हाऊन ओळख पटवावी." अंगावर पिणारे लेकरू समुद्रापलीकडून येऊन कोणत्या तोंडाने ओळख पटवणार, हे हुजुरांनीच त्यांना विचारावे.

७) सर्वजण म्हणतात, स्वामींकडून दुसरे लिंग घे आणि जा. हा विचार मी आधी झिडकारला. मी उठले तर महालिंगप्पांना कळेल की कुलूप लावून गप्प बसले की माणसे आपोआप जातात. पण चार दिवसांमागे जावयांचे पत्र आणि दुसऱ्या बोटीचे तिकीट आले. इरम्मा धड जेवत नाही, रोज धक्क्यावर कोणाला तरी बोट पाहायला पाठवते आणि मुलीला नावही ठेवू देत नाही. म्हणते, "अव्वा येईल, मग ठेवू." हे वाचून घेतल्यावर मला नाक्यासमोर बसवेना. स्वामींनी दुसरे लिंग दिले आहे. या खेपेला चांदी नाही, साध्या वस्त्रात बांधले आहे. पेटी नव्याने भरली आहे. परवाच्या मोटारीने मी निघते. नाक्यावर ती पुन्हा उलटी होऊ नये, एवढा हुकूम व्हावा.

८) पहिले लिंग मी सोडलेले नाही. ते सरकारच्या ताब्यात आहे. तेव्हा परवापासून त्याची पूजा सरकारकडे. पूजेआधी अन्नाला शिवायचे नाही, हा आमचा नियम आहे आणि महालिंगप्पांना तो लहानपणापासून ठाऊक आहे. मी परत येईपर्यंत त्यांच्याकडून तो पाळून घ्यावा.

अर्ज लिहून देणारे उत्तरेश्वर यांनी काही शब्द मऊ केले होते. ते वाचून घेऊन मी पुन्हा होते तसे करविले आहेत.

आपल्या राज्यातली, रागावलेली रयत,
मल्लम्मा (डाव्या हाताचा अंगठा)

जळकोट, श्रावण शुद्ध सप्तमी, फसली १३४९

सोबत:
नाक्याची नोटीस.
विभूतीची गोळी व लहान तांब्या, मुन्शींकडे पोचते करावे. बेल नाक्यामागच्या ओढ्यावर आहे.